नानांची दुसरी नोकरी

नौदलात १५ वर्षं आणि मध्य रेल्वेत २७ वर्षं नोकरी केलेला माणूस गेला, आणि त्याच दिवशी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जो मजकूर फिरला त्यात नौदलाबद्दल नऊ ओळी होत्या. रेल्वेबद्दल एक होती: 'नंतर काही काळ रेल्वेत नोकरी केली.'

हा माणूस म्हणजे माझे थोरले मामा. घरात, वाडीत, कर्जतच्या चाळीत सगळे त्यांना नाना म्हणत. २०२३ च्या पावसाळ्यात, वयाच्या ७४ व्या वर्षी ते गेले. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी स्मरणिका काढायची असं मामेभावंडांनी ठरवलं आणि लिहिण्याचं काम माझ्यावर सोपवलं. ते काम कसं झालं, कुठे अडलं, काय हाती लागलं, ते इथे सविस्तर मांडते आहे. दोन नोकऱ्या केलेले असे माजी सैनिक महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांच्या घरच्यांना याचा उपयोग होईल.

आधी आयुष्याचा सांगाडा. जन्म १९४९, रत्नागिरी जिल्हा. तिथल्या पोरांनी नौदलात जाणं ही ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेली गोष्ट. नाना १९६६ मध्ये भरती झाले, सतराव्या वर्षी. विशाखापट्टणमला बॉइज ट्रेनिंग एस्टॅब्लिशमेंटमध्ये सुरुवातीचं शिक्षण झालं. मग मेकॅनिकल शाखा मिळाल्यामुळे लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर इंजिन आणि बॉयलरचं प्रशिक्षण. १९७१ च्या युद्धात ते आयएनएस विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते. १९८१ मध्ये १५ वर्षं पुरी करून पेन्शनवर बाहेर पडले, १९८२ मध्ये रेल्वेत लागले, २००९ मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त झाले. पुढची १४ वर्षं कर्जतलाच.

नौदलाचा भाग लिहायला सोपा जाईल असं सगळ्यांना वाटत होतं. कागद होते, फोटो होते, 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही १९७१ च्या युद्धाची पदकं होती. शिवाय गोष्ट पाठ होती: विक्रांतवरून विमानं उडाली, कॉक्स बझार आणि चितगाववर बॉम्ब पडले, नाना तिथे होते. दर २६ जानेवारीला शाळेत त्यांना बोलवायचे ते याच गोष्टीसाठी.

पण कागद समोर घेऊन बसल्यावर लक्षात आलं की ही गोष्ट विमानांची आहे, नानांची नाही. नाना बॉयलर रूममध्ये होते. सी हॉक विमान डेकवरून उडताना त्यांनी युद्धात एकदाही पाहिलं नसणार, कारण विमान उडायच्या वेळी ते खाली, डेकच्या कित्येक मजले खाली, ड्युटीवर असत. आणि विक्रांतच्या युद्धातली खरी अडचण नेमकी तिथेच होती. जहाजाला चार बॉयलर. त्यातल्या एकाला युद्धाच्या आधीच तडे गेले होते. तो बंद ठेवून उरलेल्या तिघांवर जहाज समुद्रात काढायचं की बंदरातच ठेवायचं, यावर नौदलात वरपर्यंत खल झाला होता. शेवटी जहाज बंगालच्या उपसागरात गेलं, पण वेग कमी झाला होता. विमानवाहू जहाजाला वेग नुसता पळण्यासाठी लागत नाही. विमान उडताना डेकवर समोरून वारा लागतो, तो बराचसा जहाजाच्या वेगातून मिळतो. विमान पुढे फेकणारा विक्रांतवरचा कॅटापुल्टही वाफेवरच चालायचा. म्हणजे ४ डिसेंबरला कॉक्स बझारवर जी विमानं गेली, त्यांच्यामागची वाफ तीन बॉयलरांतून आलेली होती आणि त्या बॉयलरांपुढे नानांसारखी विशी-बाविशीतली पोरं उभी होती.

शाळेतल्या एका मुलानं त्यांना विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?" माझी मामेबहीण तेव्हा तिथे शिक्षिका होती, तिनं हे सांगितलं. नाना म्हणाले, "मी पाण्याची पातळी सांभाळली." मुलं हिरमुसली. बाईंनी पटकन दुसरा प्रश्न घ्यायला लावला.

ते उत्तर मात्र तंतोतंत खरं होतं. बॉयलरला काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी खाली गेलं तर नळ्या जळतात, बॉयलर फुटू शकतो. वर गेलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरतं आणि पाती मोडतात. चार तासांच्या ड्युटीत त्या काचेवरून नजर काढायची नाही. वर वेगाची मागणी बदलली की खाली तेलाचे बर्नर कमी-जास्त करायचे, आणि पुन्हा काच बघायची. स्मरणिकेतला नौदलाचा भाग आम्ही या काचेवर लिहिला. विमानांना दोन वाक्यं दिली.

रेल्वेकडे वळल्यावर हातात काहीच नव्हतं. फोटो म्हणाल तर ओळखपत्रावरचा एक, टिकलीएवढा. कागद म्हणाल तर पेन्शनची ऑर्डर, मेडिकल कार्ड आणि पासाचे जुने अर्ज. नानांनी रेल्वेत नक्की काय काम केलं हे त्यांच्या तिन्ही मुलांना धड सांगता येईना. 'ट्रॅकवर होते' इतकंच. मोठ्या मुलाच्या लग्नपत्रिकेत वडिलांच्या नावापुढे कंसात 'माजी नौसैनिक' होतं. तेव्हा ते रोज कर्जत-लोणावळ्याच्या घाटात ड्युटीला जात होते.

यात एक लपवाछपवीही होती, आणि ती मी सरळ लिहिते. आयएनएस शिवाजीवर शिकलेला, लीडिंग (लष्करातल्या नाईकाच्या बरोबरीच्या) हुद्द्यापर्यंत पोचलेला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत लागला, हे घराला कमीपणाचं वाटत होतं. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना तेव्हा क वर्गात १० टक्के आणि ड वर्गात २० टक्के जागा राखीव असत. नानांचा शेडमध्ये फिटर म्हणून लागायचा विचार होता, पण ती जागा निघेपर्यंत थांबायला सवड नव्हती. दोन मुलं होती, तिसरं वाटेवर होतं, आणि नौदलाची पेन्शन तेव्हा फारच थोडी होती. ड वर्गातली जागा आधी निघाली, ती घेतली. घरात 'रेल्वेत इंजिनिअरिंगला आहेत' असं सांगायची पद्धत पडली. ते खोटं नव्हतं, रेल्वेरुळांचा विभाग इंजिनिअरिंग खात्यातच येतो. पण त्या एका शब्दाआड २७ वर्षं गेली.

मग माहिती आली कुठून? दोन माणसांकडून. एक, मामी. दोन, नानांच्या गँगचे जुने मुकादम, वय ८१, कर्जतलाच राहतात.

मामींना कोणी विचारलंच नव्हतं. त्या घाटात कधी चालल्या नाहीत, पण जामरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही घाटातल्या सिग्नल केबिनांची नावं त्या क्रमानं सांगत होत्या. नाना सकाळी किती वाजता घरी येतात यावरून रात्री कुठला टप्पा होता हे त्यांना कळायचं. पावसाळ्याचे चार महिने घरात ओल्या खाकीचा वास भरून असायचा, स्टोव्हच्या वर दोरी बांधून कपडे वाळवायचे, आणि एक जोड कधीच पुरता वाळायचा नाही. डब्यात भाकरी द्यायची, पोळी नाही, कारण पोळी दमट हवेत चिवट होते. हे सगळं मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. धाकटा मामेभाऊ म्हणाला, "अगं, हे काय छापायचं?" मामी त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "मग काय छापायचं ते तू सांग. तुला ठाऊक आहे का बाबा कुठे जात होते ते?" तो गप्प बसला.

मुकादमांनी कामाचा तपशील दिला. कर्जत ते लोणावळा हा बोरघाट. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेच्या दृष्टीनं हा उभा कडाच. म्हणून वर जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, आणि खाली येणाऱ्या गाडीला वेगाचं बंधन असतं. कॅच सायडिंगच्या (मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणाऱ्या फाट्याच्या) आधी तिला थांबावंच लागतं, ब्रेक ताब्यात आहेत हे दाखवावं लागतं, तेव्हा पुढचा रस्ता मिळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी त्या सायडिंगच्या चढावर जाऊन थांबावी, अशी ती योजना. हा घाट १८६३ मध्ये सुरू झाला. माथ्यावरच्या खंडाळा-लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर ओला होतो, दगड सुटतो आणि रुळावर येतो. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिलच्या बाजूला असंच झालं आणि मुंबई-पुणे गाड्या कित्येक दिवस बंद राहिल्या, हे नेहमी जाणाऱ्या-येणाऱ्यांना आठवत असेल.

नाना आधी गँगमन, मग की-मन, शेवटची वर्षं मुकादम. की-मनचं काम असं: सकाळी हातोडा, पाना, लाल-हिरवे झेंडे आणि फटाके (रुळावर लावायचे, धोक्याच्या इशाऱ्याचे) घेऊन आपल्या हद्दीतला सगळा रूळ पायी बघत जायचा. रूळ घट्ट धरणारी चावी सैल झाली असेल तर ठोकायची, निसटलेली क्लिप बसवायची, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे, रुळाला तडा दिसतो का बघायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गाडी वरून गेली की काल आवळलेलं आज सैल होतं, म्हणून हे काम संपत नाही.

पावसाळ्यात रात्रीची गस्त. दोघांची जोडी, तिरंगी काचेचा हातदिवा, शिट्टी, फटाक्यांचा डबा, दंडावर किंवा छातीवर नंबराची पाटी. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागेवरून निघायचं, हद्दीच्या टोकाला पलीकडचा गस्तवाला भेटला की एकमेकांची पेट्रोल बुकं, म्हणजे गस्तीच्या वह्या, बदलायची आणि मागे फिरायचं. बुक बदलल्यामुळे दोघंही टोकापर्यंत आले होते हे सिद्ध होतं, आणि स्टेशनमास्तरच्या सहीनं वेळ पक्की होते. गाडी आली की रुळाशेजारी बाजूला उभं राहून दिव्याचा उजेड आपल्या नंबराच्या पाटीवर टाकायचा. इंजिनातल्या ड्रायव्हरला आणि मागच्या डब्यातल्या गार्डला तो नंबर दिसला पाहिजे. गाडीतली हजारभर माणसं झोपलेली असतात. जागे असतात ते ड्रायव्हर, गार्ड आणि पावसात उभा असलेला हा माणूस.

एका रात्रीचा कागदही सापडला. मामींच्या पत्र्याच्या ट्रंकेत, नौदलाच्या डिस्चार्ज बुकाखाली. नव्वदच्या दशकातलं प्रशस्तिपत्र, सतर्कतेबद्दल, सोबत थोडं रोख बक्षीस. मामींना पैसे आठवत होते, त्यातून मुलांचे रेनकोट घेतले होते. कशाबद्दल मिळाले ते नानांनी सांगितलं नव्हतं.

मुकादमांना ती रात्र आठवत होती. कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून केलेल्या वाटेत, दरड आली होती आणि अप लाइनवर मोठे दगड होते. मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी अप, मग ती घाट उतरत का असेना. म्हणजे गाडी उतारावरून येणार होती. अशा वेळी नियम ठरलेला आहे: अडथळ्यापासून ६०० मीटरवर रुळावर एक फटाका, आणि १२०० मीटरवर तीन, एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर. चाक फटाक्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. जोडीदार दगडांपाशी लाल दिवा घेऊन थांबला, दुसऱ्या लाइनवरही लक्ष ठेवून. नाना वर निघाले. भर पावसात, खडीवरून, १:३७ च्या चढावर, अंधारात सव्वा किलोमीटर. तेव्हा वय पंचेचाळीसच्या पुढे. तिसरा फटाका लावून होतो न होतो तोच गाडीचा उजेड दिसला. गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, दोघं बोलले, मग निरोप गेले, गँग पहारी घेऊन आली, उजाडेपर्यंत लाइन मोकळी झाली. नाना घरी आले, आंघोळ करून झोपले.

हे ऐकल्यावर घरातला सूर एकदम पालटला. थोरला मामेभाऊ, जो मुखपृष्ठावर विक्रांतचा फोटो हवा म्हणून अडून बसला होता, तोच म्हणू लागला की स्मरणिका या रात्रीवरच काढू. मथळाही त्यानं सुचवला, त्यात 'वीर' हा शब्द होता.

मुकादमांनी ते मोडून काढलं. ते म्हणाले, "ती एक रात्र छापा, पण एकटी छापू नका. नाहीतर बाकीच्या रात्री आम्ही झोपून काढल्या असं वाटेल."

या प्रकरणात माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे. गस्तवाल्याच्या शेकडो रात्रींमध्ये काहीही घडत नाही. तो जातो, बघतो, बुक बदलतो, परत येतो. काही घडलं नाही याची बातमी होत नाही, पदक मिळत नाही, पेट्रोल बुकं कोणी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवत नाही. ज्या रात्री दरड येते त्या रात्री तो तिथे असतो, कारण बाकीच्या रात्रीही तो तिथे होता. बॉयलरच्या काचेचंही तसंच. पाणी योग्य पातळीवर राहिलं तर सांगण्यासारखं काही उरत नाही. नानांच्या दोन्ही नोकऱ्यांत चांगलं काम होणं म्हणजे काहीच न होणं होतं. अशा माणसाची आठवण ठेवायची तर घटना शोधून चालत नाही, त्याचं रोजचं काम समजून घ्यावं लागतं. आणि ते समजून घ्यायचं तर त्याच्याबरोबरची माणसं हयात असेपर्यंतच.

शेवटी स्मरणिका अशी झाली. नौदलाला तीन पानं. रेल्वेला सात, त्यातली साडेपाच पानं एका साध्या पावसाळी रात्रीची: संध्याकाळी डबा बांधण्यापासून सकाळी कपडे दोरीवर टाकण्यापर्यंत, ज्यात काहीही घडत नाही. दरडीची रात्र त्यानंतर, एका पानात. मुखपृष्ठावर दोन फोटो शेजारी-शेजारी, पांढऱ्या गणवेशातला विशीतला नौसैनिक आणि ओळखपत्रावरचा पन्नाशीतला की-मन. ओळखपत्राचा फोटो मोठा करताना फुटला, दाणे दिसतात. तसाच ठेवला.

लिहिताना आणखी एक काम मार्गी लागलं, ते इतरांना कळावं म्हणून सांगते. मामींना नानांमागे फक्त रेल्वेची कुटुंब पेन्शन मिळत होती. नौदलातून पेन्शनवर बाहेर पडून पुन्हा सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या पत्नीला पूर्वी दोहोंपैकी एकच मिळायची. सप्टेंबर २०१२ पासून नियम बदलला, आता दोन्ही मिळू शकतात. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण घराच्या लेखी नानांची नोकरी एकच होती. कागद जुळवताना डिस्चार्ज बुक आणि नौदलाची पेन्शन ऑर्डर एकत्र आली, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात, तिकडे पत्र गेलं. पत्नीच्या नावाची नोंद नौदलाच्या कागदांत झालेली आहे ना, हे आधी बघावं लागतं. मामींच्या नावात एका कागदावर माहेरचं नाव होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागलं. वेळ गेला, पण झालं. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी ही तपासणी तो हयात असतानाच करून घ्यावी. डिस्चार्ज बुक, दोन्ही पेन्शन ऑर्डर आणि जोडीदाराच्या नावाची नोंद, एवढं एका पिशवीत ठेवलं तरी पुष्कळ.

वर्षश्राद्धाला गँगमधले तीन निवृत्त सहकारी आले होते. जेवणानंतर त्यांनी स्मरणिका तिथेच वाचून काढली आणि गस्तीच्या टप्प्यांत एक बदल सांगितला: नानांच्या सुरुवातीच्या वर्षांत बुक बदलण्याची जागा वेगळी होती, पुढे ती हलवली. दुसऱ्या छपाईत ती दुरुस्ती होईल. मामेभाऊ दर आठवड्याला पुण्याहून मुंबईला याच घाटातून जातो. त्यानं मुकादमांकडून त्या काळातल्या सगळ्या गँगमनांची नावं लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत एका गँगची यादी पुरी झाली आहे, नागनाथच्या बाजूची अजून बाकी आहे.